दोन दिवसांत काय शिकवावे? हिंसा सोसलेल्यांसोबत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी

किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत काम करणाऱ्या संरक्षण अधिकारी ताईंचा प्रश्न आहे. पोलीस ठाण्यातील अंमलदार, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, आशा सेविका, हिंसाग्रस्त स्त्रियांना एकाच जागी मदत देणाऱ्या सखी केंद्रातील समुपदेशक आणि काही वकील अशा तीसेक जणांसाठी त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. विषय आहे कौटुंबिक आणि लैंगिक हिंसा सोसलेल्या व्यक्तींसोबत मानसिक आघाताची जाण ठेवून काम करणे, ज्याला आता सगळीकडे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हटले जाते. त्यात काय असावे, आणि ‘कायदा तर सर्वांना माहीत आहे, मग वेगळे काय शिकवणार’ असे विचारणाऱ्या वरिष्ठांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बावीस वर्षे समुपदेशक म्हणून काम केले असून त्यातली बरीच वर्षे अशी प्रशिक्षणे घेते. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

वरिष्ठांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हिंसा सोसलेल्या स्त्रीला काय मिळायला हवे ते कायदा सांगतो. पण ते मिळवण्यासाठी तिला किती वेळा, कोणासमोर आणि कोणत्या अवस्थेत बोलावे लागेल, हे मात्र आपण ठरवत असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी कोणाचीतरी मदत मागितली होती, आणि 77 टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, शिवाय कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. म्हणजे जी आपल्या दाराशी येते, ती येण्याआधी पुष्कळ हिशोब करून आलेली असते, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो हिशोब चुकला असे तिला वाटले तर ती पुन्हा येत नाही. आपण जिला ‘तक्रार करायची नाही म्हणाली’ असे लिहून मोकळे करतो, तिच्याशी आपण कसे वागलो हे कोणत्याच नोंदवहीत लिहिलेले नसते.

हिंसेत स्त्रीच्या हातून दोन गोष्टी जातात असे मला दिसत आले आहे: स्वतःच्या देहाविषयी निर्णय घेण्याचा हक्क, आणि आपल्यावर काय गुदरले ते कोणाला कळावे हे ठरवण्याचा हक्क. पहिल्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. आपल्या किनाऱ्यावर दुसरा हक्क राखणे अधिक कठीण आहे, आणि माझ्या मते आपल्या दोन दिवसांपैकी निम्मा वेळ त्यावर गेला पाहिजे. अमेरिकेतील ‘साम्सा’ या शासकीय संस्थेने 2014 साली मांडलेली चार सूत्रे, म्हणजे आघाताचे परिणाम किती दूरवर पोचतात ते जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, आपली कार्यपद्धती त्यानुसार बदलणे आणि आपल्या हातून पुन्हा आघात होऊ न देणे, ही फळ्यावर जरूर लिहावीत. पण त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये.

प्रशिक्षण सुरू होण्याआधीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले होते. म्हणजे आपल्या सभागृहात वीस स्त्रिया असतील, तर त्यांतल्या चार-पाच जणींनी हे स्वतः सोसलेले असू शकते. सुरुवातीच्या काळात मी एका प्रशिक्षणात कसलीही पूर्वसूचना न देता एका प्रकरणाचा तपशील वाचून दाखवायला घेतला. एक अनुभवी परिचारिका शांतपणे उठून बाहेर गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्यांना मी काय केले हे मला संध्याकाळी समजले. तेव्हापासून मी पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगते: कोणीही कारण न देता बाहेर जाऊ शकते, कोणाला स्वतःचा अनुभव सांगायला लावले जाणार नाही, आणि बाहेर बसलेल्या अमुक सहकारी बोलायला उपलब्ध आहेत. खऱ्या प्रकरणांचा रक्तबंबाळ तपशील आता मी वापरत नाही. त्याने शिकणे वाढते असा माझा अनुभव नाही.

पहिल्या सकाळी शरीर आणि स्मृती यांवर किमान दोन तास द्यावेत, कारण बहुतेक अविश्वासाची सुरुवात तिथे होते. ‘ओरडली का नाही’, ‘दुसऱ्या दिवशी कामावर कशी गेली’, ‘सांगताना डोळ्यांत पाणी कसे नाही’ हे प्रश्न वाईट माणसेच विचारतात असे नाही; संकट आले की माणूस लढतो नाहीतर पळतो, एवढेच आपल्याला शिकवलेले असते. शरीर जागच्या जागी थिजते, हात उचलत नाही, घशातून आवाज फुटत नाही, ही तिसरी शक्यता कोणी सांगितलेली नसते. स्टॉकहोममधील बलात्कारपीडित स्त्रियांच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील 70 टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर मोठ्या प्रमाणात थिजल्याचे सांगितले, आणि ज्यांचे शरीर असे थिजले त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणावाचा विकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. आपला कायदाही हेच मानतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 च्या स्पष्टीकरणानुसार स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येत नाही. पोलिसांना हे कलम आणि हा अभ्यास एकत्र दाखवला, की चर्चेचा सूर बदलतो.

स्मृतीचेही तसेच आहे. अतिशय भीतीच्या क्षणी मन काही तपशील खोल कोरून ठेवते, उदाहरणार्थ वास, एखादा आवाज, भिंतीवरचा डाग. आणि घटनांचा क्रम, वेळ, अंतर यांचा मात्र गोंधळ होतो. जबाब घेणाऱ्याला नेमका क्रम आणि वेळच हवी असते. मासळी सुकवण्याचे काम करणाऱ्या एका बाईंना ‘किती वाजले होते’ असे तीनदा विचारले गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी वेगळे उत्तर दिले. मग ‘तेव्हा तुम्हाला काय दिसत होते, काय ऐकू येत होते, ते आठवेल तसे सांगा’ असे म्हटल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “सुकती लागली होती, होड्या रेतीत बसल्या होत्या.” त्या तिथीच्या ओहोटीची वेळ काढणे मग अवघड नव्हते. खुला प्रश्न विचारायचा, तिला हव्या त्या टोकाकडून सुरू करू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, आणि उत्तर तिच्या तोंडात घालायचे नाही, एवढी शिस्त जोडीजोडीने सरावातून शिकवावी. इथे एक सावधगिरी मी नेहमी सांगते: तुटक बोलणे हे खोटेपणाचे लक्षण नाही, तसेच ते खरेपणाचा पुरावाही नाही. आघाताची जाण याचा अर्थ तपास सोडून देणे असा होत नाही. उलट चांगला जबाब न्यायालयात अधिक टिकतो.

आता गुप्ततेकडे येते. मोठ्या शहरात गुप्तता म्हणजे कागद कुलपात ठेवणे. आपल्याकडे वाडीतून तालुक्याला येणाऱ्या एसटीचा वाहक तिच्या ओळखीचा असतो, केसपेपर काढणारा तिच्या सासरच्या भावकीतला निघतो, आशाताई तिची जाऊ किंवा नणंद असू शकते, आणि ठाण्याच्या बाकावर बसलेला कोणीतरी तिला ‘काय गो, हय कशाक?’ असे प्रेमानेच विचारतो. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पोचलेली असते आणि रात्री मुंबईहून दिराचा फोन आलेला असतो. म्हणून मी प्रत्येक प्रशिक्षणात एक काम करून घेते: सहभागींनी आपल्या कार्यालयाचा नकाशा कागदावर काढायचा, आणि फाटकापासून खुर्चीपर्यंत येताना तिला कोण कोण पाहते, तिचे नाव कोण मोठ्याने पुकारते, ‘कशासाठी आलात’ हे कोण कोणासमोर विचारते, याच्या खुणा करायच्या. पोलीस, रुग्णालय आणि वकील यांच्या नकाशांवर एकाच बाईची वाट आखली, की तिला आपली कहाणी सहा-सात वेळा सांगावी लागते हे त्यांचे त्यांनाच दिसते. कोणतेही व्याख्यान एवढे काम करत नाही.

कायद्याने दिलेली सोयसुद्धा इथे जपून वापरावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 नुसार बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, आणि शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, आई-वडील, जवळचे नातेवाईक किंवा स्थानिक समाजसेवक यांच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. शहरात घर ही आडोशाची जागा असेल. पण बारा घरांच्या वाडीत पोलिसांची गाडी येऊन उभी राहणे ही दवंडीच असते, आणि जवळच्या नातेवाइकासमोर तिला बोलताच येणार नाही अशीही शक्यता असते. कायद्याने जागा निवडण्याचा अधिकार तिला दिला आहे, म्हणून ‘आम्ही घरी येतो’ असे सांगण्याऐवजी ‘कुठे बोलणे सोयीचे होईल, आणि सोबत कोण हवे’ असे विचारायला शिकवावे. बालकांच्या बाबतीत, लैंगिक अत्याचारांपासून त्यांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम 24 जबाब घेताना गणवेश नको असे स्पष्ट सांगते. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मधील तरतूदही आपल्याकडे विशेष मोलाची आहे: जिथे तिला कोणी ओळखत नाही अशा शेजारच्या तालुक्यात ती जाऊ शकते.

फोनबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. अनेक वर्षांपूर्वी मी एका बाईंना पुढच्या भेटीची आठवण करून देण्यासाठी त्यांनी दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तो नवऱ्याने उचलला, आणि मी माझी ओळख सांगून बसले. त्या रात्री तिला मारहाण झाली. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारते: फोन कोणाच्या हातात असतो, कोणत्या वेळी करावा, दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू, आणि संदेश पाठवलेला चालेल का. हे चार प्रश्न नोंदणीच्या कागदावर छापून घ्यावेत, कारण कामाच्या गर्दीत केवळ आठवणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

गुप्ततेची मर्यादाही आधीच सांगावी लागते. ‘मला सांग, मी कोणाला सांगणार नाही’ हे वाक्य आपल्या कामात कोणीही उच्चारू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, की पोक्सोच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलीने विश्वासाने सांगितल्यावर तिला हे कळले, तर तिच्या दृष्टीने तो दुसरा विश्वासघात असतो. म्हणून बोलण्याआधी साध्या शब्दांत सांगावे की कोणती गोष्ट मला पुढे कळवावी लागेल, कोणाला, आणि त्यानंतर काय होईल. सतरा वर्षांची मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात म्हटले आहे. तालुक्यातील डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

रुग्णालयाच्या सत्रात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवावीत. उपचार सुरू करण्यासाठी पोलिसांचे पत्र लागत नाही. उपचार मोफत द्यायचे असतात. तपासणी, पुरावा गोळा करणे आणि पोलिसांना कळवणे यांसाठी संमती वेगवेगळी घ्यायची असते आणि तिने यांपैकी काही नाकारले तरी उपचार थांबत नाहीत. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, देहावरील नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेता येतात. पीडितेच्या योनीत बोटे घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी बजावले आहे. ही माहिती अर्ध्या तासात देऊन होते. अवघड आहे ते संमती घेणे. बहुतेक ठिकाणी संमती म्हणजे ‘इथे सही करा’. परिचारिकांनी एकमेकींवर सराव करावा: आता मी काय करणार आहे, का करणार आहे, दुखेल का, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर मी थांबेन. सरावात खरोखरच ‘थांबा’ म्हणायला लावावे आणि समोरची थांबते का ते पाहावे. घाईच्या सवयीने हात पुढे जातोच, आणि तो गेला की शिकणे सुरू होते.

समुपदेशकांसाठी वेगळा वेळ काढावा. जागतिक आरोग्य संघटना आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळे ‘बोलून मोकळे’ करवण्याच्या पद्धतीची शिफारस करत नाही. पहिल्या भेटीत ऐकणे, तातडीची गरज विचारणे, तिच्यावर विश्वास आहे हे दाखवणे, सुरक्षिततेचा विचार करणे आणि पुढची मदत जोडून देणे, एवढे पुरेसे असते. सर्वांत मोठी अडचण तडजोडीची आहे. 2005 च्या कायद्याखालील 2006 च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, आपल्या हिंसेचे समर्थन करू द्यायचे नसते, आणि हे त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगायचे असते. प्रत्यक्षात ‘ती उलट बोलते’, ‘जेवण वेळेवर देत नाही’ याचीच सुनावणी होते आणि तिला त्याच्यासमोर बसवून ‘आता तू सांग’ म्हटले जाते. समोरासमोर बैठक घ्यायचीच असेल, तर तिने एकटीने दिलेल्या संमतीनंतर, आणि येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवून घ्यावी. गावकीने आधीच निवाडा केला असेल, तर तिच्या माहेरला वाळीत टाकण्याची भीती घातली गेली आहे का, हे हळूच विचारावे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा याच कामासाठी आहे.

आपल्याकडे आघात पुष्कळदा वेगळ्या भाषेत येतो. तिच्या अंगात येते, ती दात खाते, तिला बाहेरची बाधा झाली आहे असे घरचे सांगतात. तीही तेच म्हणते. देवळात गाऱ्हाणे घालून, कौल लावून मग ती आपल्याकडे आलेली असते. त्यावर हसणारा अधिकारी तिला कायमचा गमावतो, आणि ‘हो, बाधाच असेल’ म्हणणारा तिला पुन्हा त्याच घरात लोटतो. मी एवढेच विचारते की हे केव्हापासून होते, कोण जवळ असताना होते, आणि त्याआधी घरात काय घडलेले असते. उत्तर बहुधा तिथेच मिळते. मानसोपचारांचा विषय काढताना मात्र फार जपावे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि म्हणून आपल्या भागात ‘हिला रत्नागिरीला न्या’ ही शिवीसारखी वापरली जाते. सासरची माणसे हेच वाक्य न्यायालयात तिच्याविरुद्ध वापरू पाहतात. झोप लागत नाही, छाती धडधडते, मुलांवर हात उगारला जातो, अशा तिच्याच शब्दांतल्या त्रासापासून सुरुवात करावी, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक घरबसल्या वापरता येतो हे सांगावे.

सुरक्षिततेची योजना आखण्याचा सराव पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करावा. छापील नमुन्यात ‘धोका वाटल्यास सुरक्षित ठिकाणी जावे’ असे असते. जुलैच्या रात्री पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलेले आहे, तरीची होडी बंद आहे, शेवटची एसटी साडेपाचला गेली, मोबाइलला रेंज फक्त टेकाडावर मिळते, आणि मासेमारी बंदीमुळे नवरा दिवसरात्र घरी आहे. अशा वेळी ती नेमकी कोणत्या घरी, कोणत्या वाटेने जाईल? 112 (आपत्कालीन मदत) आणि 181 (महिला मदतवाहिनी) हे क्रमांक द्यावेतच, पण शेजारच्या एका घराशी खुणेचा शब्द ठरवणे, आधार कार्ड, पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले प्लास्टिकमध्ये बांधून माहेरी किंवा विश्वासाच्या जागी आधीच ठेवणे, हे तिच्या अधिक उपयोगाचे असते. गणपती, शिमगा आणि मे महिना या काळात मुंबईची माणसे घरी येतात. बालकांवरील अत्याचाराच्या ज्या गोष्टी माझ्यापर्यंत पोचल्या, त्यांतल्या अनेक अशा सुट्यांनंतर शाळेत किंवा अंगणवाडीत प्रथम बोलल्या गेल्या होत्या, म्हणून आशाताई आणि सेविकांना त्या आठवड्यांत मुलांकडे अधिक लक्ष द्यायला सांगावे.

काम करणाऱ्यांच्या मनावर याचा जो परिणाम होतो, त्यासाठी शेवटच्या अर्ध्या तासात योगासने घेण्याची पद्धत पडली आहे. त्या पद्धतीने काही बिघडत नाही, पण एका अधिकाऱ्याकडे दोन तालुक्यांचा अतिरिक्त कार्यभार असेल, तर श्वसनाने तो हलका होत नाही. महिन्यातून एकदा दोन तास, वरिष्ठांच्या मूल्यमापनाशी संबंध नसलेल्या अनुभवी व्यक्तीसमोर प्रकरणांची चर्चा व्हावी, अशी लेखी तरतूद प्रशिक्षणाच्या परवानगीबरोबरच मागून घ्यावी.

शेवटी व्यवस्थेबद्दल. दोन दिवस सलग घेऊ नयेत. पहिला दिवस झाल्यावर सहा आठवड्यांचे अंतर ठेवावे, आणि त्या काळात प्रत्येकाने आपल्या अधिकारात असलेला एकच बदल करून यावे, असे सांगावे. दुसरा दिवस त्या बदलांपासून सुरू करावा: काय केले, काय अडले, कोणी अडवले. दिवसाअखेरचे अभिप्रायाचे फॉर्म नेहमीच चांगले येतात. त्यांच्यावर विसंबू नये. त्याऐवजी तीन महिन्यांनी पाच प्रकरणांचे कागद काढून पाहावे की तिला आपले म्हणणे किती वेळा सांगावे लागले, आणि सुरक्षित फोनची नोंद आहे का. एका रुग्णालयातील परिचारिकेने केलेला बदल अगदी लहान होता. खिडकीवर ‘काय होते?’ असे मोठ्याने विचारण्याऐवजी तिने तिथे चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा ठेवला, ज्यावर ‘परिचारिकेशी एकांतात बोलायचे आहे’ एवढेच छापलेले होते, आणि लिहितावाचता न येणाऱ्या बायकांसाठी बाजूला एका बंद दाराचे चित्र होते. चिठ्ठी पुढे सरकवली की बाईला सरळ आतल्या खोलीत नेले जाई. दुसऱ्या दिवसाच्या सत्राला ती परिचारिका आली, तेव्हा तो गठ्ठा संपला होता आणि तिने नवा छापायला टाकला होता.